काटा चोख आहे, पण बाटलीत काय आहे?



"डॉक्टर, मी बाहेरचं घेत नाही. घरीच बनवतो. वजनकाटा आहे, सिरिंज आहे, सगळं मोजून करतो." व्हेप म्हणजे ई-सिगारेट ओढणारी काही तरुण मुले हल्ली असे सांगतात, आणि सांगताना चेहऱ्यावर थोडा अभिमानही असतो. सोबत आलेल्या आईलाही जरा हायसे वाटते. कारण 'घरचं' म्हटले की आपल्याकडे ते शुद्धच असते. घरचे तूप, घरचा मसाला, तसे घरचे व्हेपचे पाणी!

आपल्या आज्या मशेरीही घरीच भाजायच्या, तव्यावर, स्वतःच्या देखरेखीखाली. त्यात भेसळ कसलीच नव्हती. तोंडाच्या कॅन्सरने ते घरचेपण कधी विचारात घेतले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हेपमध्ये एक द्रव तापवून त्याची वाफ छातीत ओढतात. त्या द्रवात साधारण चार गोष्टी असतात : ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटिन आणि वासासाठी फ्लेवर. ही चार सुटी आणून घरी मिसळायची, आणि माप अचूक ठेवले की झाले सुरक्षित, असा या मुलांचा समज आहे. माझे म्हणणे असे की हा समज धोकादायक आहे. बेफिकीर माणूस निदान घाबरून तरी असतो. काटा घेऊन बसलेल्याला भीतीच उरत नाही.

आधी मापाचेच पाहू. माप खरोखर अचूक असते का?

मिसळण्यासाठी जे तीव्र निकोटिन घेतात ते पुष्कळदा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम एवढ्या ताकदीचे असते. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात जाणारे निकोटिन १ ते २ मिलिग्रॅम. म्हणजे या द्रवाच्या एका चहाच्या चमच्यात, ५ मिलिलिटरमध्ये, ५०० मिलिग्रॅम निकोटिन झाले. जुन्या पुस्तकांत प्रौढ माणसाचा प्राणघातक डोस ६० मिलिग्रॅमच्या आसपास दिलेला असे. अलीकडच्या काही तज्ज्ञांच्या मते तो बराच जास्त, अर्ध्या ग्रॅमच्या पुढे असावा. मोठा आकडा धरला तरी आपला चहाचा चमचा तिथपर्यंत पोहोचतोच.

आता चुका कशा होतात ते बघा. एका बाटलीवर '२ टक्के' लिहिलेले असते, दुसरीवर 'मिलिग्रॅम प्रति मिली'. २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिली. ज्याने ते २ समजून हिशेब केला त्याचे मिश्रण दहापट कडक झाले. काही जण थेंब मोजतात. वीस थेंबांचा एक मिली हा हिशेब पाण्याचा, तोही ठरावीक ड्रॉपरचा. ग्लिसरीन मधासारखे दाट असते, त्याचा थेंब वेगळा. ड्रॉपर तिरका धरला की आणखी वेगळा. काटा वापरणारे स्वतःला हुशार समजतात, पण ग्लिसरीनचा एक मिली सव्वा ग्रॅम भरतो आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचा जेमतेम एक ग्रॅम. मिली आणि ग्रॅम एकच धरले की हिशेब चुकला. शिवाय स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो. ज्या पदार्थाचा मिलिग्रॅमने हिशेब करायचा तो त्यावर काय मोजणार? कणीक मोजायचा तो काटा आहे.

आणि समजा, या सगळ्यात तुम्ही पटाईत आहात. काटा सराफाचा आहे, हिशेब तीनदा तपासला आहे. तरी तुमचे सगळे गणित उभे आहे ते बाटलीवरच्या लेबलावर. लेबल १०० म्हणते म्हणून तुम्ही १०० धरता. ते खरे कशावरून?

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बंदी योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. तिचा एक परिणाम मात्र लक्षात घ्या. चोरून येणारी बाटली कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेतून गेलेली नसते. तक्रार करायला दुकानदार नाही, पावती नाही, बॅच नंबर असला तरी तो खरा की छापलेला हे सांगणारे कोणी नाही. काटा फक्त वजन सांगतो. बाटलीत काय आहे ते सांगत नाही.

हा फरक महाराष्ट्राने फार महाग किंमत देऊन शिकायला हवा होता. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. यात माप चुकले म्हणून कोणी दगावले नाही. बाटलीवर ग्लिसरीन लिहिले होते आणि आत दुसरेही काही होते. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुले दगावली ती खोकल्याच्या औषधातल्या याच रसायनामुळे. छिंदवाड्याच्या मुलांपैकी अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. ही सगळी परवाना असलेल्या कारखान्यांची औषधे, बरे का. तिथे असे होऊ शकते, तर ऑनलाइन मागवलेल्या कॅनमधल्या ग्लिसरीनची हमी कोण देणार? २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ई-सिगारेटची काही काडतुसे तपासली, तेव्हा त्यातल्या एकात हेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडले होते.

एका मुलाने माझ्याशी यावर वाद घातला. म्हणाला, "सर, मी खाण्याच्या दर्जाचं ग्लिसरीन घेतो आणि फ्लेवर केकचा." शब्द बरोबर वापरला त्याने. खाण्याच्या दर्जाचे. पण तो ते खातो कुठे? पोटात गेलेल्या पदार्थावर आम्ल काम करते, यकृत काम करते, नको असेल ते शरीर बाहेर टाकते. फुप्फुसाच्या नाजूक पडद्यापाशी अशी सोय नाही. तिथे तेल पोहोचले की ते साचते आणि सूज येते.

ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आपण खातो, काही जण चेहऱ्यालाही लावतात. त्याचाच एक प्रकार, व्हिटॅमिन ई ॲसिटेट, २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपच्या द्रवात दाटपणासाठी मिसळला गेला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २८०७ लोक फुप्फुसाच्या गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. त्यात मृत्यू ६८. त्यातले बहुतेक गांजातला अर्क असलेले, अनधिकृत मार्गाने आलेले द्रव ओढत होते हे खरे आहे, आणि ते लपवायचे मला कारण नाही. पण मुद्दा तोच राहतो : खाण्यासाठी निर्धोक असलेला पदार्थ श्वासातून गेला आणि घातक ठरला. लोण्यासारखा वास देणारे डायअ‍ॅसिटिल असेच. पॉपकॉर्नमध्ये खाल्ले तर काही होत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात कामगारांनी ते रोज हुंगले, आणि त्यांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या. ते २००० साली उघडकीला आले. केकच्या इसेन्सच्या बाटलीवर 'तापवून छातीत ओढा' असे कोणी लिहिलेले मी तरी पाहिलेले नाही.

आता इंग्लंडचा दाखला. लंडनला शिकणारा पुतण्या सांगतो की तिथले डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप सुचवतात. बरोबर आहे, सुचवतात, आणि सिगारेटशी तुलना केली तर तपासलेला व्हेप कमी घातक आहे हेही तिथले मत आहे. पण पुतण्याने अर्धेच सांगितले. तिथे दुकानात मिळणाऱ्या निकोटिनच्या द्रवाची तीव्रता २० मिलिग्रॅम प्रति मिलीपेक्षा जास्त असू शकत नाही, बाटली १० मिलीपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि मुलांना उघडता येणार नाही असे झाकण सक्तीचे आहे. म्हणजे ज्या देशाचा दाखला देऊन तुम्ही घरी १०० च्या तीव्रतेची बाटली उघडता, त्या देशात ती बाटली ग्राहकाच्या हाती जाऊच नये असा नियम आहे.

झाकणावर एवढा भर का, तेही सांगतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल निकोटिनचा द्रव गिळून दगावले. त्यानंतर तिथे अशा बाटल्यांना बालसुरक्षित झाकणाचा राष्ट्रीय कायदा झाला. तुमच्या घरी मिश्रण कुठे ठेवता? कफ सिरपच्या जुन्या बाटलीत? फ्रिजच्या दारात, सरबताशेजारी? त्याला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास तुम्हीच दिला आहे. घरातल्या तीन वर्षांच्या पोरीला मिलिग्रॅम कळत नाहीत.

निकोटिन कातडीतूनही शिरते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना उलट्या, चक्कर, डोकेदुखी होते ती याच कारणाने, आणि तिथे तर फक्त पानांवरचा ओलावा असतो. तुम्ही उघड्या हातांनी सिरिंज भरता.

सिगारेट सोडायची असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅम निकोटिनचे च्युइंगम मिळते. त्याचे माप कारखान्यात झालेले असते, ते तोंडातून सावकाश शोषले जाते आणि फुप्फुसाला त्याचा त्रास नाही. गरज पडली तर खायच्या गोळ्याही आहेत, त्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. पण हे सांगितले की माझ्याकडची मुले म्हणतात, त्यात मजा नाही. मग निदान असे म्हणू नका की हे सगळे सिगारेट सोडण्यासाठी चालले आहे.

घरात असा द्रव असेल आणि तो कोणी गिळला, तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, लिंबू, काहीही पाजू नका. निकोटिनने अचानक झटके येऊ शकतात, तेव्हा उलटी श्वासनलिकेत जाते. अंगावर सांडला तर कपडे लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरा. मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, दरदरून घाम, धडधड, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे आहेत. पुढे झटके येतात, श्वास मंदावतो. लक्षणांची वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. बाटली सोबत घ्या. आणि पोलिसांच्या भीतीने किंवा वडिलांच्या भीतीने "काहीतरी प्यायलं" एवढेच सांगू नका. किती तीव्रतेचे होते, किती गेले, किती वाजता गेले, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे.