हजार नको, एक दाखवा

जानेवारी २०२६ मध्ये ‘फेबल’ या येऊ घातलेल्या ओपन वर्ल्ड गेमचं सविस्तर दर्शन घडलं. त्यात एक आकडा होता. आल्बियन या कल्पित राज्यात एक हजाराहून जास्त माणसं राहणार आहेत. प्रत्येकाला नाव आहे, काम आहे, घर आहे, स्वभाव आहे. प्रत्येकाची स्वतःची दिनचर्या आहे. आपण भर रस्त्यात कोंबडीला लाथ मारली आणि कोणी पाहिलं, तर त्या गावात तशी ख्याती होते. कोणी पाहिलं नाही, तर होत नाही.

हा शेवटचा तपशील मला मनापासून आवडला. साक्षीदार लागतो, म्हणजे गावातल्या माणसाला डोळे आहेत. आजवर आपण अशा अनेक गावांतून हिंडलो जिथे माणसं आपल्याकडे बघतात, पण त्यांना काही दिसत नाही. किंवा उलट. बंद दाराआड केलेली चोरी गावाबाहेरच्या पहारेकऱ्याला तत्क्षणी कळते. तलवार चालवायला हजारो गेम आहेत. आपण नसतानाही ज्याचं जगणं चालू आहे, असं एक गाव मात्र हवं असतं. त्यासाठीच माणूस रात्री जागून हे गेम खेळतो. मलाही हा गेम हवा आहे. म्हणूनच तो हजाराचा आकडा मला खटकतो.

कारण तो पूर्वी ऐकला आहे. ‘सायबरपंक २०७७’ येण्याआधीही हेच सांगितलं गेलं होतं. हजाराहून जास्त माणसं, हाताने घडवलेली दिनचर्या. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. रस्त्यावर गर्दी होती. पाठ फिरवून पुन्हा वळून पाहिलं की त्या गर्दीतली माणसं गायब झालेली असत. त्यांच्या जागी दुसरीच उभी. त्यांना घर नव्हतं, काम नव्हतं, कुठे पोहोचायचं नव्हतं. पोलिस तर आपल्या पाठीमागे हवेतून अवतरत. काही दिवसांतच सोनीने तो गेम आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत केले. पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त्या होऊन तो चांगला गेम झाला, हे खरं आहे. पण ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे मोजले त्यांनी दुरुस्त्यांसाठी मोजले नव्हते.

त्याहून जुना दाखला २००५ चा आहे, आणि तो जास्त बोलका आहे. ‘ऑब्लिव्हियन’ हा गेम येण्याआधी तो करणाऱ्या बेथेस्डा स्टुडिओने लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात एका बाईचं वागणं दाखवलं होतं. ती पुस्तक वाचते. धनुष्यबाणाचा सराव करते. कुत्रा त्रास देतो, तर त्याच्यावर मंत्र टाकते. हे कोणी लिहून दिलेलं नाही, तिचं तिने ठरवलं आहे, असा त्या दाखवण्याचा सूर होता. मार्च २००६ मध्ये गेम हाती आला. माणसं उठत होती, कामाला जात होती, जेवत होती, झोपत होती. तेवढं होतं, आणि त्या काळी तेही मोठं होतं. पण त्या बाईसारखं वागणारं माणूस खेळाडूंना सापडलं नाही. माणसांना फार मोकळीक दिली की ती एकमेकांनाच मारू लागत, म्हणून ती मोकळीक आवळली गेली. प्रदर्शनातला प्रसंग त्या प्रदर्शनापुरता बसवलेला होता.

तेव्हा एक माणूस दाखवला एवढ्यानेही भागत नाही. तो माणूस कोणी निवडला, हे महत्त्वाचं.

हजार या आकड्याला माझा आक्षेप तांत्रिकही आहे. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवायची, तर एका चित्रामागे सोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात उजेड, सावल्या, हालचाल, आवाज, सगळं बसवायचं. हजार माणसांचा विचार त्यात मावत नाही. म्हणून सगळेच जाणते स्टुडिओ एक काटकसर करतात. खेळाडूच्या जवळची माणसं खऱ्या अर्थाने चालतात-बोलतात. लांबची माणसं फक्त नोंदवहीत असतात. लोहार दुपारी भट्टीवर असायला हवा, अशी नोंद असते. आपण दुपारी तिथे पोहोचलो की तो भट्टीवर उभा केला जातो. यात फसवणूक नाही. नोंद नीट ठेवली तर खेळाडूला फरक कळतही नाही. पण मग ‘हजार’ म्हणजे हजार माणसं की हजार नोंदी, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. नोंद लिहायला सोपी असते. तिच्यात गुंतागुंत झाली की काय होतं, तिथे खरी परीक्षा.

एक उदाहरण घेऊ. या गेममध्ये घरं विकत घेता येतात. समजा मी लोहाराचं घर घेतलं आणि त्याला बाहेर काढलं. तो त्या रात्री कुठे झोपतो? त्याची बायको, असेल तर, कुठे जाते? दुसऱ्या दिवशी भट्टी पेटते का? शेजारणीला हे माहीत असतं का? तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो का? आणि हे पाहणाऱ्या साक्षीदारालाही मी त्याच दिवशी गावाबाहेर काढलं तर? हजारातल्या प्रत्येकाला या प्रश्नांची उत्तरं असतील तर तो खरोखर मोठा पराक्रम आहे. फक्त वीस जणांना असतील आणि बाकीचे नऊशे ऐंशी जण दोन वाक्यं बोलून वाट चालू लागत असतील, तर मला वीसच सांगा. मी वीसांसाठीही आनंदाने पैसे देईन.

वीसांत काय करता येतं, हे निन्टेन्डोने २००० साली दाखवून ठेवलं आहे. ‘मेजोराज मास्क’ या गेममध्ये तीन दिवस पुन्हा पुन्हा उलगडतात. गाव छोटं. माणसं मोजकी. पण पोस्टमन कोणत्या वेळी कोणत्या पेटीपाशी असतो, हे ठरलेलं आहे. त्याच्या मागे चालत गेलं तर त्याचा अख्खा दिवस दिसतो. सराई चालवणारी अंजू कोणाची वाट बघते, तिच्या हाती पत्र कधी पडतं, पत्र पडलं नाही तर ती शेवटच्या रात्री काय करते, हे सगळं खेळाडूला स्वतः तपासता येतं. हा गेम ज्या यंत्रावर चालायचा, ते आजच्या फोनपुढे काहीच नव्हतं. तरी पंचवीस वर्षांनंतर त्या पोस्टमनची आठवण निघते. ट्रेलरमधल्या गर्दीची निघत नाही.

तपासता येईल असं वचन आमच्या हैदराबादेतही दिलं गेलं आणि पाळलं गेलं. २०१७ मध्ये इथल्या ओगर हेड स्टुडिओने ‘असुरा’ हा गेम काढला. आपल्या पुराणकथांच्या वळणाचं कल्पित जग, चिमुकली टीम, बेताचा खर्च. त्यांचं सांगणं असं, की दर वेळी खेळ सुरू केला की नायकाच्या कौशल्यांचा वृक्ष नव्याने रचला जाईल. दोनदा खेळ सुरू करा आणि दोन वृक्ष शेजारी ठेवून बघा. दहा मिनिटांत निकाल. गेम सर्वांना आवडला नसेल, पण सांगितलेली गोष्ट त्यात होती. मोठ्या स्टुडिओकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

‘फेबल’च्या बाबतीत तर हे मागायलाच हवं. या मालिकेचा पहिला गेम २००४ चा. त्याचे कर्ते पीटर मोलिन्यू यांनी तो येण्याआधी सांगितलं होतं, की खेळाडूने बी पेरलं तर गेममधली वर्षं जातील तसा त्याचा ओकवृक्ष होईल. गेममध्ये तसं झाड उगवलं नाही. मोलिन्यू यांनी त्याच वर्षी जाहीर माफी मागितली. तो स्टुडिओ, लायनहेड, २०१६ मध्ये बंद झाला. नवा गेम प्लेग्राउंड गेम्स करतं आहे. ही माणसं वेगळी आहेत. जुन्या वचनाचं ओझं त्यांच्या माथी मारणं अन्याय होईल.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जुन्या मालिकेतला लाडका कुत्रा या गेममध्ये नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. चांगलं-वाईट वागण्याने नायकाचं रूप पालटायचं, तेही नाही म्हणाले. चाहते नाराज झाले. मला उलट बरं वाटलं. जो ‘हे नाही’ म्हणतो, त्याच्या ‘हे आहे’ला वजन येतं. पण प्लेग्राउंडची हयात ‘फोर्झा होरायझन’ या मोटारींच्या गेममध्ये गेली आहे. रस्ते, डोंगर, पाऊस, उजेड यांत त्यांचा हात कोणी धरणार नाही. माणसांचं गाव त्यांनी अजून वसवलेलं नाही. २०२० मध्ये घोषणा, मग २०२५ चा वायदा, मग तो पुढे ढकलून २०२६. उशीर झाला याबद्दल तक्रार नाही. गाव वसायला वेळ लागतोच. या वेळात गाव वसलं की गावाचा देखावा, एवढंच कळायला हवं.

आता पैशांचं. अशा मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे चार-पाच हजारांच्या घरात असते. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये कॉलेजची मुलं अशा गेमसाठी ग्राफिक्स कार्ड बदलायला येतात, त्याचा खर्च याच्या कित्येक पट. ट्रेलरमध्ये दिसतं ते कार्डाचं काम. गर्दीचं डोकं चालतं मुख्यतः प्रोसेसरवर, आणि ते ट्रेलरमध्ये दिसत नाही. म्हणजे जे दिसलं त्यासाठी आपण खर्च करतो, आणि जे सांगितलं ते मिळेल असं धरून चालतो.

परतीची सोयही पुरेशी नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम परत करायचा तर चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळलेला असायला हवा. ओपन वर्ल्ड गेमचे पहिले दोन तास कसे जातात, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. नायकाचं बालपण, गावावरचं संकट, पहिली तलवार, पहिली लढाई. हा भाग सर्वांत घासूनपुसून केलेला असतो. इथली माणसं हमखास बोलकी असतात. पुढच्या गावातला लोहार रात्री घरी जातो की भिंतीपाशी उभाच राहतो, हे कळेपर्यंत दोन तास उलटून गेलेले असतात. प्लेस्टेशनवर तर डाउनलोड सुरू केलं की परतीचा दरवाजा जवळपास बंद.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कर्त्यांनी एक माणूस दाखवावा. पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत. मध्ये कात्री नको, मागे संगीत नको, निवेदकाचा आवाज नको. तो माणूस कर्त्यांनी निवडायचा नाही. समोर बसलेल्या कोणीही गावात शिरून बोट दाखवावं आणि कॅमेऱ्याने त्याच्या मागे जावं. मध्येच त्याच्या दिवसात खोडा घालावा. त्याचं दुकान बंद करावं, त्याचं घर विकत घ्यावं, त्याच्या देखत कोंबडीला लाथ मारावी. मग तो काय करतो ते बघू. नवा खर्च नाही, नवं तंत्र नाही. जे केलं आहे असं सांगितलं, तेवढंच दाखवायचं आहे.

आणि हैदराबाद म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा मोठा स्टुडिओ इथे आहे. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं गेम बनवणाऱ्यांची देशातली मोठी परिषद इथे माधापूरला भरली. गावातला एक माणूस चालता करायला किती रात्री जातात, हे जाणणारे लोक याच शहरात राहतात. त्यांनी हा प्रश्न मोठ्याने विचारावा. खेळणाऱ्याने विचारला तर त्याला कुरकुर म्हणतात. बनवणाऱ्याने विचारला तर उत्तर द्यावं लागतं.

खेळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. प्री-ऑर्डर करू नका. आधी घेतल्याने गेम आधी संपत नाही, आणि डिजिटल प्रत कधी संपून जात नाही. गेम आला की आठवडाभर थांबा. तेवढ्यात कोणीतरी खेळाडू एखाद्या साध्या गावकऱ्याच्या मागे दिवसभर चालेल आणि ते चित्रण सर्वांसमोर ठेवेल. ते पाहा. लोहार रात्री घरी गेला, तर खुशाल पैसे मोजा.