बागेचाही ताळेबंद मांडायला हवा

आमच्या सोसायटीत सध्या पुनर्विकासाचे वारे वाहताहेत. चार बिल्डरांची रंगीत माहितीपत्रकं घरात येऊन पडली आहेत. चारही पत्रकांत एक शब्द सारखा आहे, बायोफिलिक. बायोफिलिक लँडस्केप, बायोफिलिक लॉबी, बायोफिलिक जीवनशैली. शब्दाखालच्या चित्रात मात्र गुळगुळीत हिरवळ, एका रांगेत पाम, भिंतीवर कुंड्यांची जाळी आणि एक कारंजं. माझं मत आधीच सांगून टाकते. हा शब्द चांगला आहे, त्यामागचा विचार तर त्याहून चांगला आहे. पण या चित्रांत तो विचार नाही. तो हवा असेल तर आपणच मागून घ्यावा लागेल, आणि तोही नकाशा पक्का व्हायच्या आधी.

विचार काय आहे ते थोडक्यात सांगते. एडवर्ड विल्सन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘बायोफिलिया’ हे पुस्तक लिहिलं. माणसाला सजीवांची ओढ उपजतच असते, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी रॉजर उलरिच या संशोधकाने एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तर तशाच दुसऱ्या २३ जणांना विटांची भिंत दिसत होती. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. पुढे स्टीफन केलर्ट आणि इतरांनी यातून इमारती आणि बागा रचण्याची तत्त्वं मांडली. ऊन, वारा, पाणी, झाडं, पशुपक्षी आणि ऋतू यांचा माणसाशी रोजचा संबंध राहील अशी रचना करायची, हा त्यांचा गाभा.

मला हे पटायला पेनसिल्व्हेनियापर्यंत जावं लागत नाही. गेल्या वर्षी आमच्या यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन महिने ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून होते. समोर करंज आहे. सुरुवातीला मोबाइल हातात असायचा, मग हळूहळू बुलबुलाचं घरटं, करंजाची नवी पालवी, खारीची ये-जा हेच त्यांचं वर्तमानपत्र झालं. नव्या नकाशात तो करंज, त्याच्या शेजारचा कडुनिंब आणि कोपऱ्यातली बकुळ यांच्यापुढे एकच शब्द लिहिला आहे, ‘स्थलांतर’. मोठं झाड हलवायचं म्हणजे त्याची बरीचशी मुळं तोडावी लागतात, आणि हलवलेली पुष्कळ झाडं पुढे जगत नाहीत. तीन जुनी झाडं घालवायची आणि उद्घाटनाच्या दिवशी पाम लावायचे, याला निसर्गाशी नातं कसं म्हणायचं?

मी कॉमर्सची पदवीधर. संसार केला तोही वही-पेन घेऊनच. त्यामुळे नकाशातल्या हिरव्या रंगाचा हिशोब मांडल्याशिवाय मला राहवलं नाही. लॉन दाखवलंय पाच हजार चौरस फूट, म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर दिवसाला सव्वादोन हजार लिटरहून जास्त झालं. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचे पावणेतीन लाख लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ टँकर! तेही फक्त बघायच्या गवतासाठी, कारण बहुतेक ठिकाणी लॉनवर ‘चालू नये’ अशी पाटी असतेच.

आता जमेची बाजू बघा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्याच जागेवर तो सव्वातीन लाख लिटर होतो. म्हणजे आकाशातून येणारं पाणी लॉनच्या उन्हाळी खर्चापेक्षा जास्तच आहे. पण खाली तळघरात पार्किंग, वर काँक्रीट, त्यावर फरशी, त्यामुळे ते सरळ गटारात जातं आणि उन्हाळ्यात आपण टँकरवाल्याला फोन करतो. आलेली रक्कम ओतून द्यायची आणि मग कर्ज काढायचं, असा हा व्यवहार आहे.

घसारा तर कोणी धरतच नाही. प्लॅस्टिकचं गवत, लाकडी डेक, कारंज्याची मोटर यांची किंमत पहिल्या दिवसापासून उतरत जाते. प्लॅस्टिकचं गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, त्याखाली गांडूळही जगत नाही. नीट जगलेल्या झाडाची सावली मात्र दरवर्षी वाढते. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. म्हणजे झाडाच्या वयाला मोल असतं, हे आता कायदाही मानतो.

आपल्या घरांत जे शिकवलं जातं त्याचा इथे थेट संबंध येतो, म्हणून लिहिते. हिरव्या गवतावर उगाच पाय द्यायचा नाही, पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्यातले जीव पुन्हा पाण्यात सोडायचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चातुर्मासात मुनी महाराज एका जागी राहतात तेही पावसाळ्यात जागोजागी उगवलेल्या जीवांना पायाखाली इजा होऊ नये म्हणून. बागेच्या रचनेत हाच विचार आणला तर काय होईल? चालण्याची वाट स्पष्ट, रुंद आणि सावलीची होईल. फरश्यांच्या फटींतून पाणी मुरेल. वाट सोडून उरलेल्या जागेत गवत, झुडपं, किडे-मुंग्या आपापलं जगतील. माणसाची जागा वेगळी, इतर जीवांची वेगळी, आणि दोन्ही एकमेकांना दिसतील अशी. केलर्टचं नाव कधीही न ऐकलेल्या आपल्या आज्यांना हे कळत होतं.

आता सभेत हमखास निघणारे आक्षेप. पहिला, कचरा. पानं पडणारच, पण ती खड्ड्यात टाकली की खत होतं, विकतचं आणावं लागत नाही. दुसरा, डास. डास साचलेल्या पाण्यात होतात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि बंद पडलेल्या कारंज्यात. तिसरा, मुळांनी भिंती फुटतात. वड, पिंपळ, उंबर यांच्या बाबतीत हे खरं आहे, ते इमारतीपासून लांबच हवेत. पण बहावा, बकुळ, कांचन, ताम्हण ही योग्य अंतरावर लावता येतात. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प. चौथा, देशी झाडांना पाणी लागत नाही असं सांगतात, मग खर्च कशाला? पहिली दोन-तीन वर्षं लागतंच, ते आत्ताच अंदाजपत्रकात धरा. आणि पाचवा, आळ्या. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढतात. फुलपाखरू हवं आणि अळी नको, असं चालत नाही. म्हणून सरसकट फवारणीचं कंत्राट मला मुळीच मान्य नाही.

लँडस्केप आर्किटेक्टवर माझा राग नाही. त्यांना आपण ‘छान दिसेल असं करा’ एवढंच सांगतो, मग ते छान दिसेल असंच करतात. आपली मागणी बदलली पाहिजे. तुमच्याही सोसायटीत नकाशा येणार असेल, तर सह्या करण्याआधी एवढं विचारा. आत्ता उभ्या असलेल्या झाडांपैकी किती जागेवरच राहणार? तळघराशिवायची, खरी जमीन किती चौरस फूट उरणार? पोडियमवर झाडं असतील तर माती किती खोल? मोठ्या झाडाला चार-पाच फूट तरी हवी. पावसाचं पाणी कुठे मुरणार? उन्हाळ्यात बागेला रोज किती लिटर लागणार आणि ते कुठून येणार? वाटेवर दुपारी चार वाजता सावली असेल का? बाराही महिने कुठलं ना कुठलं झाड फुलेल-फळेल अशी यादी आहे का? आणि बुंध्याभोवती काँक्रीट तर ओतणार नाही ना? हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते आपल्याकडेही करायला कोणी अडवलेलं नाही.

या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मागा, चित्रांत नको. मी ही यादी कागदावर लिहून कमिटीच्या सेक्रेटरींकडे दिली आहे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी घ्यावा असा अर्जही केला आहे. त्यावर आमच्या विंगमधल्या अकरा जणींच्या सह्या आहेत. तळघराची रेषा करंजाच्या अलीकडे सहा मीटर थांबवा, ही आमची पहिली मागणी आहे. चार गाड्यांची जागा कमी होईल. त्यातली एक आमचीच असली तरी चालेल, असं यांनीही अर्जाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.