नवे डोळे, जुने काळीज

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. पाठोपाठ १७ ऑक्टोबर रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून तेजस विमानाने पहिले उड्डाण केले. दोन्ही प्रसंगी टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु या दोन सोहळ्यांच्या दरम्यान उभा असलेला प्रश्न कोणी विचारला नाही. जुनी लढाऊ विमाने नवी करून वापरण्याच्या धोरणातून देशाच्या पदरात नेमके काय पडते?

ओझरचा कारखाना १९६४ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. मिग-२१ ची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये हाती घेण्यात आला. तो रेंगाळला, म्हणून १९९६ मध्ये १२५ मिग विमाने अद्ययावत करण्याचा करार झाला. नवे रडार आले, नवी क्षेपणास्त्रे आली, वैमानिकाची मान वळेल तिकडे नेम वळवणारे शिरस्त्राण आले. दोन विमाने वगळता हे सारे काम ओझरच्या कामगारांनी केले. इंजिन मात्र जुन्याच जातीचे राहिले.

तात्पुरती म्हणून केलेली ही सोय २०२५ पर्यंत ताणली गेली. एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत सापडली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले, असे सरकारनेच संसदेत सांगितले होते. ८ मे २०२३ रोजी राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात मिग-२१ एका घरावर कोसळले. वैमानिक वाचला, तीन स्त्रिया मरण पावल्या. प्रत्येक अपघाताचा दोष यंत्राच्या वयावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु यंत्राला निवृत्तीची तारीखच न ठरवणे हा यंत्राचा दोष नव्हे. तो धोरणाचा दोष आहे.

जुने विमान नवे करणे मुळातच चूक, असेही नाही. ओझर येथील हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत मिग-२९ विमानांना नवे रडार आणि सुधारित इंजिनही बसवण्यात आले. गरीब देशाने काटकसर करावी हे योग्यच. प्रश्न हिशेबाचा आहे. तुळजापूर तालुक्यातील जळकोटचा शेतकरी विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला हात लावण्यापूर्वी नव्याची किंमत विचारतो. डिझेलपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या त्याच शेतकऱ्याच्या पैशातून विमाने घेतली जातात. मग तोच व्यवहार सरकारला का लागू नसावा?

संरक्षण खरेदी परिषदेने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सुखोई-३० विमाने अद्ययावत करण्यास तत्त्वतः मान्यता दिली. पहिल्या ८४ विमानांचा खर्च ६० हजार कोटी रुपयांच्या वर जाईल, असा अंदाज जाहीर चर्चेत आला. म्हणजे विमानामागे सुमारे ७०० कोटी. डिसेंबर २०२४ मध्ये ओझरलाच बांधावयाच्या १२ नव्या सुखोईंचा करार सुमारे १३,५०० कोटींचा झाला; म्हणजे विमानामागे सुमारे १,१२५ कोटी. दुरुस्ती जेव्हा नव्याच्या निम्म्याहून अधिक किमतीला पडते, तेव्हा तिच्यातून केवळ विमानाचे आयुष्य वाढून भागत नाही. देशाचे ज्ञानही वाढले पाहिजे.

या योजनेतील रडार देशी असावे असा मानस आहे, तो स्वागतार्ह आहे. इंजिनाचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये २६ हजार कोटींना सांगितलेली २४० इंजिने कोरापूटला तयार होतील, पण त्यांची रचना रशियन आहे. हे दुखणे जुने आहे. १९६१ मध्ये उडालेले मरुत हे देशी विमान पुरेशा शक्तीच्या इंजिनाअभावी खुरटले. १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन तेजसला पुरे पडले नाही आणि २००८ मध्ये त्यापासून वेगळे करण्यात आले. जग्वार विमानांना अमेरिकन इंजिने बसवण्याचा बेत न परवडणाऱ्या किमतीमुळे २०१९ मध्ये सोडून द्यावा लागला. तेजसची नवी विमाने हवाई दलाला देण्याचे वेळापत्रकही अमेरिकन इंजिने उशिरा आल्यानेच कोलमडले. साठ वर्षे विमाने जोडणाऱ्या देशाला इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागावे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. अद्ययावतीकरणाच्या प्रत्येक करारातील ठराविक हिस्सा इंजिनाची रचना आणि उष्णता सोसणारे धातू यांच्या संशोधनासाठी कायद्याने राखून ठेवावा, आणि त्यात ओझर-कोरापूटच्या कुशल कामगारांना स्थान द्यावे. प्रत्येक विमानाची निवृत्तीची तारीख कराराच्या वेळीच ठरवावी व ती वाढवायची झाल्यास संसदेला कारण द्यावे. आणि दुरुस्ती व नवी खरेदी यांचा तुलनात्मक हिशेब, गुपिते राखूनही, लोकांपुढे ठेवावा.

निफाड तालुक्यातील शेतांत २०१८ आणि २०२४ मध्ये सुखोई कोसळली. सुदैवाने दोन्ही वेळा वैमानिक बचावले. संरक्षणाच्या नावाखाली हिशेब मागणाऱ्याला देशद्रोही ठरवणे सोपे आहे. पण हा हिशेब विमानात बसणाऱ्या तरुणासाठी आणि त्या विमानाखाली शेत कसणाऱ्या माणसासाठी मागायचा आहे. तो मागण्याचे काम समाजवाद्यांनी सोडू नये.