हिरव्या पडद्यामागचे भंगार

टीव्हीचा, संगणकाचा, मोबाइलचा पडदा आता ‘हिरवा’ झाला, अशी जाहिरात कंपन्या करतात. हा दावा सगळाच खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असे. पुढे चपटे एलसीडी पडदे आले, त्यांच्या मागे उजेडासाठी पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळ्या असत आणि त्या नळ्यांत पारा असे. एलईडी आले, पाऱ्याची गरज संपली, वीजही कमी लागू लागली. चांगलेच झाले.

पण हे शहाणपण कंपन्यांना आपोआप सुचलेले नाही. ‘ग्रीनपीस’ने ऑगस्ट २००६ मध्ये कंपन्यांना पर्यावरणाचे गुण देणारी यादी काढली आणि ॲपलला खालच्या रांगेत बसवले. मे २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून काचेतील आर्सेनिक आणि पाऱ्याचे दिवे हटवण्याचे वचन द्यावे लागले, आणि पुढच्याच महिन्यात एलईडी पडद्याचा लॅपटॉप बाजारात आला. युरोपने १ जुलै २००६ पासून शिसे-पाऱ्यावर निर्बंध घातले खरे, पण पडद्यातील पाऱ्याच्या दिव्यांना तेव्हा सूटच होती. दडपण येते तेवढेच भांडवल हलते! हे पडदे घडवताना यंत्रे साफ करायला वापरला जाणारा नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७ हजार पट तापमानवाढ करणारा. क्योटो कराराच्या मूळ यादीत त्याचे नावही नव्हते. ते २०१२ च्या दोहा दुरुस्तीने आले.

आमचा खरा सवाल वेगळाच आहे. नवा पडदा भिंतीवर चढला, मग जुना कुठे गेला? तो गेला दिल्लीच्या सीलमपूरला, मुंबईच्या कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत. तिथे ट्यूबच्या मानेवरचे तांबे काढण्यासाठी काच हातोड्याने फोडली जाते. आतली भुकटी अंगावर येते. वायरी जाळल्या जातात. एलसीडी उघडताना पाऱ्याची नळी फुटली, तर वाफ श्वासात जाते. तोंडाला फार तर रुमाल. आणि हे हात कुणाचे? गरीब मुसलमानांचे, दलितांचे, गावातून हाकलल्या गेलेल्या भूमिहीनांचे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रियाच होत्या, हा काय योगायोग समजावा? गावगाड्याने मेलेली गुरे ओढायला लावली, शहराने मेलेले टीव्ही फोडायला लावले.

कायदा नाही असेही नाही. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिछडी आणि वेल्लोरच्या निकालांत मान्य केले. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्याच न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले, २०१६ मध्ये बदलले, १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा नवे आले. नव्या व्यवस्थेत कंपनी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेते आणि जबाबदारी पूर्ण झाल्याचे दाखवते. गल्लीत ट्यूब फोडणारा माणूस या प्रमाणपत्रात कुठेच नाही.

तो नियमात मात्र आहे, आणि वकील म्हणून आमचे बोट तिथेच ठेवायचे आहे. या कामातील कामगारांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्य-सुरक्षेसाठी उपाययोजना करणे ही जबाबदारी नियमांनी राज्य सरकारवर टाकली आहे. ती पार पडली का, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात विचारले पाहिजे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. अर्जात दोनच प्रश्न पुरेत: जिल्ह्यात अशा किती कामगारांची नोंद झाली, आणि गेल्या वर्षी त्यांतील किती जणांची वैद्यकीय तपासणी झाली? ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर अपिलाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.