प्रतिबंधाचे वचन आणि पुराव्याची कसोटी

साठी ओलांडली की रात्री दोन-तीन वेळा लघवीसाठी उठावे लागणे, हे अनेक पुरुषांच्या वाट्याला येते. मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ही लहानशी ग्रंथी वयानुसार वाढते आणि मार्गावर दाब देऊ लागते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचेच पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही नाही. तरीही मनात शंका शिरते. घरच्यांना सांगण्याचा संकोच, वैद्याकडे जाण्याची भीती आणि हाताशी आलेली एखादी जाहिरात यांचा मेळ बसला की, ‘प्रोस्टेटचा कर्करोग टाळणारी’ गोळी घरात येण्यास वेळ लागत नाही. ‘फायदा झाला तर झाला, अपाय तर नाही ना!’ असे समाधान त्यामागे असते. हे समाधान कितपत खरे, याची परीक्षा मात्र फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक चाचणी झाली. फुफ्फुसाचा कर्करोग टाळता येतो का, हा तिचा मूळ प्रश्न होता. त्यात ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग ३२ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत १,३१२ जणांवर सेलेनियम या खनिजाची चाचणी झाली, ती त्वचेच्या कर्करोगासाठी. १९९६ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा त्वचेचा कर्करोग काही कमी झाला नव्हता. पण सेलेनियम घेणाऱ्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच कमी निघाले. दोन्ही ठिकाणी हे फळ मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून नव्हे, तर बाजूला सापडले होते. अनेक गोष्टी मोजल्या की त्यांतील एखादी निव्वळ योगायोगानेही अनुकूल दिसू शकते. म्हणून अशा निष्कर्षाला पुरावा न मानता केवळ सूचना मानावे लागते. बाजाराने मात्र तेवढा धीर धरला नाही.

संशोधकांनी तो धरला. २००१ साली ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी केवळ याच प्रश्नासाठी सुरू झाली. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील ३५,५३३ निरोगी पुरुष तीत सहभागी झाले. कोणाला सेलेनियम, कोणाला ‘ई’ जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, तर कोणाला औषधाचा अंशही नसलेली तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. कोणती गोळी कोणाची, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. २००८ साली लाभाचे चिन्ह न दिसल्याने गोळ्या थांबवण्यात आल्या. पुढील पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सात वर्षांच्या काळात कोऱ्या गोळीच्या गटात दर हजारी ६५ जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. केवळ ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात हीच संख्या ७६ होती. म्हणजे १७ टक्के वाढ. सेलेनियमनेही रोग टळला नाही. ज्या गोळीने अपाय होणार नाही असे सारे गृहीत धरत होते, तिनेच धोका वाढवला होता.

येथे आकड्यांची भाषाही समजून घ्यावी. हजारांत अकरा जणांचा फरक आणि १७ टक्क्यांचा फरक, ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. विक्रेत्याला दुसरे रूप अधिक प्रिय असते, कारण ते मोठे दिसते. ‘धोका इतके टक्के कमी’ असे वाचनात आले की ‘किती जणांपैकी किती?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

टोमॅटोचेही असेच. त्यातील लायकोपीन या द्रव्याच्या गोळ्या प्रोस्टेटसाठी विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली टोमॅटोबाबत असा दावा छापण्यास मुभा दिली, ती या दाव्याला फारच अल्प शास्त्रीय आधार आहे, असे त्याच वाक्यासोबत नमूद करण्याच्या अटीवर. टोमॅटो आहारात असण्यास हरकत नाही. त्याच्या अर्काला कवच समजण्यास आहे.

फिनास्टेराइड या औषधाने तर १८,८८२ पुरुषांच्या चाचणीत रोगाचे प्रमाण २४.४ टक्क्यांवरून १८.४ टक्क्यांवर आणले. परंतु त्याच गटात उग्र स्वरूपाच्या गाठी किंचित अधिक आढळल्या. त्या औषधामुळे वाढल्या की केवळ अधिक नजरेस आल्या, यावर पुष्कळ चर्चा झाली. पुढे अठरा वर्षांपर्यंतच्या पाहणीत औषध घेणारे व न घेणारे यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. रोग टाळण्यासाठी म्हणून या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही.

आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. म्हणून जाहिरातदार ‘प्रोस्टेटचे आरोग्य’ असे मोघम शब्द योजतात आणि उरलेला अर्थ वाचकाच्या भीतीवर सोपवतात.

मग करावे काय? वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाही. वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर ते वैद्यांना आधीच सांगावे. पीएसए ही रक्ततपासणी रोग टाळत नाही, त्याची शक्यता दाखवते. ती करावी की नाही, हे लाभ-हानी समजून घेऊन वैद्यांशी बोलून ठरवावे. लघवीला अडथळा होत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर गोळीवर महिने घालवू नयेत. वैद्यांनी कमतरतेसाठी दिलेले जीवनसत्त्व परस्पर बंद करू नये, आणि न दिलेले परस्पर सुरूही करू नये. घरातील स्त्रियांनी व मुलांनी हा विषय संकोच न करता काढावा; कारण न बोललेल्या भीतीलाच अशा गोळ्यांची गरज भासते.