पाणचक्की पाहिली, नहर कोण पाहणार?

सहलीची मुले पाणचक्कीचा हौद पाहतात, भिंतीवरून त्यात कोसळणारे पाणी पाहतात, जात्याच्या दगडाला हात लावतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. हे पाणी खाम नदीचे, असा त्यांच्यापैकी पुष्कळांचा समज होतो. छत्रपती संभाजीनगरची ही वास्तू नदीच्या अगदी काठावर उभी असल्यामुळे तो स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा आहे, आणि ही चूक आता वास्तूच्या मुळावर येऊ पाहत आहे.

बारमाही नद्यांच्या प्रदेशात नदीवर चक्की बांधणे हा साधा व्यवहार होता. इंग्लंडच्या १०८६ मधील डूम्सडे नोंदींत अशा पाच हजारांहून अधिक चक्क्या आढळतात. दख्खनच्या नदीचे तसे नाही. श्रावणात ती काठ सोडून वाहते आणि वैशाखात तिच्या पात्रात गुरे चरतात. तिच्यात चाक सोडावे तर पावसाळ्यात ते वाहून जाणार आणि उन्हाळ्यात जाते थांबणार! शिवाय चाकाला नुसते पाणी पुरत नाही, उंची लागते. प्रवाहाने खालून ढकललेल्या चाकापेक्षा वरून पडणाऱ्या पाण्यावर फिरणारे चाक सुमारे दुप्पट काम देते, हे जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. रोमन कारागिरांनी मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी, फ्रान्समधील बार्बेगाल येथे, दुरून आणलेल्या पाण्यावर टेकडीच्या उतारावरच सोळा चाके बसविली होती.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत पाणचक्की उभारणाऱ्यांनाही हे मर्म ठाऊक होते. येथील चाक आडवे आहे, पण उंचीचे महत्त्व तेच. डोंगरातील झऱ्याचे पाणी त्यांनी कित्येक किलोमीटर भूमिगत खापरी नळांतून आणले, दाबाच्या बळावर भिंतीत वर चढविले आणि तेथून खाली सोडले. त्यावर यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. जादा पाणी मग खामेत जाई. म्हणजे नदी येथे चक्की चालविण्यासाठी नव्हती, पाणी वाहून नेण्यासाठी होती. (हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, तेव्हा उन्हाळ्यात थंडावाही फुकटच!)

सारांश, पाणचक्की म्हणजे तो हौद नव्हे. झऱ्यापासून नदीपर्यंतची सारी वाट ही पाणचक्की आहे. आपण मात्र तिचे शेवटचे टोक तेवढे जपतो. वसाहती वाढल्या, पाये खणले गेले, रस्ते फुटले. जमिनीखालच्या नळांचा विचार कोणी करावा? पाणी आटलेच तर पंप बसवून धार सोडता येईल, असे म्हणणारे भेटतात. त्यांना कारंजे हवे आहे, पाणचक्की नव्हे. पंपाने उचललेले पाणी पाहून मुले काय शिकणार? उताराचा आणि दाबाचा जो हिशेब या शहराच्या पूर्वजांनी विजेवाचून जमविला, तोच तर येथे पाहण्यासारखा आहे.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. नहरेची संपूर्ण रेषा शहराच्या विकास आराखड्यात दाखवावी, तिच्यावर खोदकामाची परवानगी तपासणीविना देऊ नये आणि ती जेथे जेथे रस्त्याखालून जाते तेथे खुणेचा दगड बसवावा. शिक्षकांनीही सहलीची बस आधी डोंगराच्या बाजूस न्यावी. हौद शेवटी दाखवावा.