जुन्या लाइनचा दाब वाढवायचा? आधी पुरावा दाखवा!



आधी मागच्या हंगामातली माझी चूक सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच निघालाय.

विष्णुपुरीत नदीकाठच्या विहिरीवरून आमची पाइपलाइन वरच्या रानात गेलीय. बावीसशे फूट, तीन इंची पीव्हीसी, चार किलोचा पाइप. वीस वर्षं ती लाइन ५ एचपीच्या मोटरवर बिनतक्रार चालली. मागच्या वर्षी वरच्या तुकड्यात केळी लावली, तिथवर पाणी नीट पोचेना, म्हणून ७.५ एचपीची मोटर बसवली. धाकट्या भावानं विचारलं होतं, "दादा, पाइपाला झेपंल का?" मी म्हणलं, "वीस वर्षं काय झालं नाही, आता काय होतंय?"

आठव्या दिवशी रात्री लाईट गेली. मोटर बंद पडली, चढावरचं पाणी मागं फिरून आदळलं आणि हळदीच्या रानात सॉकेटजवळ पाइप उभा फाटला. लाईट आल्यावर ऑटोनं मोटर परत चालू केली. सकाळी जाऊन बघतो तर पाऊण एकर हळद पाण्यात. कंद कुजले.

चूक मोटरची नव्हती आणि पाइपाचीही नव्हती. "वीस वर्षं काय झालं नाही" हे वाक्य मी पुरावा म्हणून धरलं, ती खरी चूक. त्या वीस वर्षांत पाइपानं जुना दाब सोसला, एवढंच सिद्ध झालं होतं. नव्या दाबाबद्दल काहीच सिद्ध झालेलं नव्हतं.

दिवाळीत साडू आले होते. ते जालन्याकडचे. त्यांच्या भागात समृद्धी महामार्गाच्या कडेनं गेलची मुंबई-नागपूर गॅस लाइन गेलीय. माझी कथा ऐकून ते म्हणाले, "अहो, तुमची हळद गेली. उद्या गॅसची मागणी वाढली आणि आहे त्याच लाइनीत दाब वाढवला, तर आमचं काय जाईल?"

प्रश्न बरोबर आहे. ती लाइन आज नवी आहे. पण नवी लाइन जुनी होतेच. हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही देशातली पहिली मोठी गॅस लाइन १९८०च्या दशकातली आहे. अशा लाइनींचं वय वाढणार आणि गॅसची मागणीही वाढणार.

पाणी आणि गॅस यांत फरक काय?

आपल्या ठिबकला एक-दीड किलो दाब लागतो. दहा मीटर चढ म्हणजे एक किलो, हा हिशोब सगळ्यांना पाठ आहे. गॅसच्या मोठ्या लाइनीत हाच दाब पन्नास, साठ, काही ठिकाणी नव्वद किलोपर्यंत असतो.

पण नुसत्या आकड्यापेक्षा मोठा फरक दुसराच आहे. तो मला आमच्याकडं भाड्यानं राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका पोरानं समजावून सांगितला. पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळं पाइप फाटून थोडं पाणी बाहेर पडलं की तिथला दाब लगेच उतरतो. गॅस मात्र स्प्रिंगसारखा आवळून भरलेला असतो. चीर पडली तरी मागचा गॅस ढकलतच राहतो आणि चीर पुढं पळू शकते. ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना माणूस समोर का उभा राहत नाही, तेच कारण. वर गॅसला आग लागते, हे तर आहेच.

म्हणूनच गॅसच्या लाइनीची ताकद बघताना तिच्यात पाणी भरून दाब देतात. कमजोर जागा फुटली तर फक्त पाणी सांडतं.

ही चाचणी टाळली की काय होतं?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावात ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी तीस इंची गॅस लाइन फुटली. ८ माणसं गेली, ३८ घरं जळून खाक झाली. फुटलेला तुकडा १९५६ साली टाकलेला होता. कंपनीच्या कागदावर तो बिनजोडाचा पाइप होता. प्रत्यक्षात त्याला उभा वेल्डिंगचा जोड होता, तोही कच्चा. ५४ वर्षांत त्याची पाण्याच्या दाबानं चाचणी कधी झालीच नव्हती. १९७० साली तिकडं नवे नियम आले, तेव्हा जुन्या लाइनींना सूट दिली गेली. आधीच्या पाच वर्षांत ज्या सर्वांत जास्त दाबावर लाइन चालली, तो दाब पुढंही मान्य! म्हणजे माझंच वाक्य, पण सरकारी शिक्क्यानं.

त्या दिवशी दाब वाढत वाढत २७ किलोपर्यंत गेला होता. परवानगीची हद्द २८ च्या आसपास होती. म्हणजे हद्द ओलांडलीच नव्हती. हद्दच चुकीची होती. आणि फुटल्यावर गॅस बंद करायला दीड तासाहून जास्त वेळ लागला.

आता आपल्या गोदामाईच्या दुसऱ्या टोकाला चला. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यातून सुटलेलं पाणी शेवटी जिथं समुद्राला मिळतं, त्या आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाशी नगरम नावाचं गाव आहे. २७ जून २०१४ च्या पहाटे तिथं गेलची अठरा इंची लाइन फुटली. वीसहून जास्त माणसं गेली, नारळाच्या बागा उभ्या जळाल्या. ती लाइन कोरड्या गॅससाठी होती, पण तिच्यातून पाण्याचा अंश असलेला गॅस जात होता. पाण्यानं पाइप आतून खाल्ला. ती लाइन काही फार म्हातारी नव्हती.

या दोन्ही घटनांतून एकच गोष्ट घ्यायची. लाइन किती वर्षांची आहे यापेक्षा तिची भिंत आज किती शिल्लक आहे, हे महत्त्वाचं. साधा हिशोब आहे. सहा मिलीमीटरची भिंत गंजून सगळीकडं साडेचार झाली, तर दाब सोसायची ताकदही साधारण पाव हिश्शानं उतरली.

मग दाब वाढवूच नये का?

इथं माझं मत काही मित्रांना पटणार नाही. मी म्हणतो, वाढवावा. पण तपासून.

कारण स्वार्थाचंच आहे. जुन्या लाइनीतून जास्त गॅस गेला नाही, तर शेजारी दुसरी लाइन येणार. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानं जमीन आपल्याच नावावर राहते, पण तिचा वापर-हक्क जातो. त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर बांधता येत नाही, विहीर-तळं करता येत नाही, झाड लावता येत नाही. वापर-हक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के, पिकाची नुकसानभरपाई वेगळी. ज्यानं एकदा पट्टा दिलाय, त्याला विचारा दुसरा पट्टा देतो का. साडूंना विचारलं, तर ते नुसते हात जोडून हसले.

म्हणून जुनी लाइन नीट तपासून जास्त दाबानं चालत असेल, तर त्यात आपलंही भलं आहे. फक्त माझ्या मते या सहा गोष्टी आधी झाल्या पाहिजेत:

१. कागद. कोणता पाइप, किती जाडी, कसला जोड, कोणतं साल. कागद नसेल तर खोदून बघा. अंदाजानं रकाना भरू नका.

२. आतून तपासणी. 'पिग' नावाचं यंत्र गॅसच्याच जोरावर पाइपातून सरकत जातं आणि भिंत कुठं पातळ झालीय ते टिपतं. काही जुन्या लाइनींत अरुंद वळणामुळं ते जात नाही. तिथं दुसऱ्या पद्धतीनं, पण तपासणी झालीच पाहिजे.

३. पाण्याची चाचणी. जेवढा दाब ठेवायचाय त्याच्या निदान सव्वा पट, वस्तीजवळ त्याहून जास्त, आणि तो काही तास टिकला पाहिजे.

४. टप्प्यानं वाढ. एका दिवसात कॉक पूर्ण सोडायचा नाही. थोडा वाढवा, थांबा, गळती बघा, मग पुढं.

५. बंद करायची सोय. फुटलीच तर दुरून पटकन बंद होतील असे वॉल पाहिजेत. सॅन ब्रुनोत निम्मं नुकसान आगीनं केलं असेल, तर निम्मं उशिरानं केलं.

६. आजची वस्ती मोजा. हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॅस लाइनीचा दाब ठरवताना आजूबाजूची घरं मोजतात. पोलाद कायमचं ताणलं जाण्याची हद्द १०० धरली, तर मोकळ्या रानात ७२ पर्यंतच ताण देतात. वस्ती थोडी वाढली की ६०, दाट झाली की ५०, उंच इमारती असतील तिथं ४०. बैलाच्या अंगात ताकद असली तरी गाडी गच्च भरत नाही आपण, तसंच.

आता आमची विष्णुपुरीच बघा. १९८१ साली गुरू गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज आलं, १९९४ साली शेजारी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, पुढं मेडिकल कॉलेज आलं. जिथं ज्वारी होती तिथं प्लॉट पडले. समजा १९८० ला इथल्या मोकळ्या रानातून गॅसची लाइन गेली असती, तर आज ती खोल्या-मेसच्या अंगणातून गेली असती. लाइन तीच, नियमानं मात्र तिचा दाब कमी करायची वेळ आली असती. म्हणजे मागणी वाढते ती वस्ती वाढते म्हणून, आणि वस्ती वाढली की परवानगीचा दाब उतरतो. ही ओढाताण कागदावर लपवता येते, जमिनीत लपत नाही.

म्हणून कुठल्याही लाइनीचा दाब वाढवण्याआधी त्या त्या ग्रामपंचायतीला लेखी सांगावं: जुना दाब किती, नवा किती, चाचणी कधी झाली, फोन कुणाला करायचा. शेतकऱ्यानं जमिनीचा हक्क दिलाय, तर एवढी माहिती मागणं म्हणजे अडवणूक नव्हे.

आपलं पण काही चुकतं

लाइनीच्या खुणेचे खांब नांगरटीत आडवे येतात म्हणून कुणी काढू नका. पट्ट्यात जेसीबी लावायच्या आधी कंपनीला फोन करा. लाइन साधारण मीटरभरच खोल असते. बकेटचा एक ओरखडा किंवा गंजरोधक थराला गेलेला एक चरा आज दिसत नाही, पण दाब वाढेल त्या दिवशी नेमकी तीच जागा बोलते. आणि एक लक्षात ठेवा: नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. घरी येतो तो वास मुद्दाम घातलेला असतो. मोठ्या लाइनीवर वासाची वाट बघू नका. सूं आवाज, उडती माती, पट्ट्यावरच सुकलेलं पीक दिसलं तर गाडी चालू न करता, काडी न ओढता पायी लांब जा आणि खांबावरच्या नंबरला फोन करा.

आमच्या रानात आता काय केलं ते सांगून थांबतो. मोटरजवळ एनआरव्ही बसवला, चढाच्या माथ्यावर एअर वॉल बसवला, खालचा सहाशे फूट पाइप सहा किलोचा केला आणि दीडशे रुपयांचं गेज लावलं. मोटर ७.५ ची ठेवली, पण आधी पाणी भरून, कॉक हळूहळू आवळून एक पूर्ण दिवस तपासलं. तेव्हा अजून दोन सॉकेट सुटले. दिवसाढवळ्या, आमच्या डोळ्यांदेखत सुटले, नुकसान शून्य.

भाऊ शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, फक्त गेजकडं बोट दाखवलं.

तुमच्या लाइनीला गेज आहे का? नसेल तर या आठवड्यात लावा. आणि ज्यांच्या रानातून गॅसची लाइन गेलीय त्यांनी खांबावरचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.